सर्व्हरवरची वाघीण

"उद्यापासून एकच पासवर्ड! कुठल्याही टेबलावर बसा, तुमच्या फायली तुमच्यासमोर हजर! नाही झालं तर नाव बदलीन!"

तारवाल्यानं आदल्या दिवशी छाती फुगवून सांगितलं होतं. घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात केबली ओढण्यापासून प्रिंटरची समजूत काढण्यापर्यंत सगळं तोच बघायचा, म्हणून तो तारवाला. जुना सर्व्हर धापा टाकत होता, तेव्हा यानं अडगळीतल्या एका मशीनवर सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा फुकटातला ओपन सोर्स सर्व्हर बसवला आणि सगळ्यांचं लॉगइन त्याच्या ताब्यात दिलं. त्याची उमेदवारी आज संपत होती. मालकीणबाई एकतर कायम करणार, नाहीतर नारळ देणार!

सकाळी तो ऐटीत सर्व्हरच्या खोलीत शिरला, सहज सेटिंग उघडलं आणि स्वतःचीच करामत त्याच्या नजरेला पडली.

चाचणीसाठी त्यानं गमतीनं एक पाटी लिहिली होती. लॉगइन केलं की स्क्रीनवर झळकायची: 'वाघीण गुहेत आली आहे. शेपूट घाला आणि कामाला लागा!' वाघीण कोण हे ऑफिसात कुणालाही विचारा. पाटी फक्त त्याच्या एकट्याच्या स्क्रीनवर यायची होती. पण या शहाण्यानं ती ओळ स्वतःच्या नावाखाली न लिहिता सगळ्यांच्या सेटिंगमध्ये घातली होती!

खोडायला पासवर्ड हवा. घाईघाईत पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. आणखी एकदा चुकला, तेव्हा सर्व्हरनं त्यालाच बाहेर काढून कडी लावली. हा कडक नियम कुणी घातला होता? त्यानंच!

बाहेर अकाउंट्सच्या काकांनी लॉगइन केलं. हा दाराआडून बघत उभा. काकांनी वळून मान डोलावली.

"बघितलं हं मी."

"काका, ते चुकून झालं हो!"

"चुकून? अहो, झकास झालंय! बाईंना दाखवलंत का?"

काका इतके आतल्या गाठीचे असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात बाई आल्या.

"बाई, थांबा! आज तुमचा कॉम्प्युटर लावू नका!"

"का?"

"तो... गरम होतोय!"

"मग पंखा लावते," म्हणत बाई केबिनमध्ये गेल्या. आतून कीबोर्डची टकटक ऐकू आली. घरी बायकोला काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

"अहो, जरा आत या!"

तो आत गेला तो थेट रडकुंडीलाच आला. "माफ करा बाई! वाघीण मी आदरानं लिहिलं हो! गुहा म्हणजे आपली ही केबिन, छानच आहे! आणि शेपूट तर माझंच!"

बाईंनी स्क्रीनवरून मान वर केली.

"कसली वाघीण?"

"ती... लॉगइनची पाटी..."

"ती होय? असल्या पाट्या वाचतं कोण? इथं सगळे ओके दाबून मोकळे होतात. फायली झटकन उघडल्या, म्हणून तुम्हाला कायम करायला बोलावलं होतं."

बाईंनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला पुन्हा टोपण लावलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि चष्मा चढवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता वाचते."