आयर्लंडचं सुतक

आयर्लंडला कुणी इंग्लंड म्हटलं की काशिनाथकाका हातातला चहा अर्धा ठेवून उठतात. मग समोर कुणीही असो. एकदा माझ्या दुकानात झेरॉक्सला आलेला एक शिकलासवरलेला माणूस म्हणाला, "म्हणजे तुमचे पणजोबा इंग्रज होते तर." काका तडकले. "इंग्रज तुमचे असतील. आमची माणसं इंग्रजांच्या राज्यात उपाशी मेली. इकडं नागली पिकली नाय की काय होतं ते म्हायतीय ना? तिकडं बटाट्याचं तसं झालं." तो माणूस झेरॉक्स न घेताच गेला. गिऱ्हाईक माझं गेलं, काकांचं काय जातंय?

काका मूळचे मोखाड्याकडचे. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि जव्हारलाच राहिले, आमच्या गल्लीत. बायको वारली, मूलबाळ नाही. पणजोबा पॅट्रिक साहेब आयर्लंडहून घाटातल्या रस्त्यावर मुकादमांचा साहेब म्हणून आला, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला आणि इथंच मेला. त्याचं नाव आणि काकांचे घारे डोळे, एवढंच मागं उरलं. चुलतभाऊ हा विषय निघाला की उठून जातात. काका मात्र जिथं बसतील तिथं तोच विषय काढतात.

आणि बसतात कुठं, तर माझ्या दुकानात. तिकडच्या चर्चनी बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं इंटरनेटवर टाकलीत, लोक आपापल्या वंशावळी टाकतात. काका माझ्या शेजारी स्टूल ओढून म्हणायचे, "पुढचं पान घे, मंदा." बाहेर पोरांची फॉर्म भरायला रांग लागलेली. मी म्हणायची, काका, मला पोट आहे. तर म्हणायचे, "रक्त कुठं जातंय? सापडणारच." तिकडच्या एका गृहस्थाने कळवलं की आमच्या घराण्यातलं कुणी भारतात गेलेलं नाही. काका आठवडाभर धुमसत होते. "हा थोरल्या घरचा असणार. थोरल्या घरचे सगळीकडं असेच. कुणी हिस्सा मागेल म्हणून घाबरतात." आयर्लंडात यांचा कसला आलाय हिस्सा, डोंबल.

शेवटी नोरा सापडली. म्हातारी, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. तिचा पणजोबा आणि यांचा पणजोबा सख्खे भाऊ. तिच्या वंशावळीत पॅट्रिकच्या नावापुढं नुसती रेघ होती, पुढचं कुणाला माहीत नव्हतं. काकांनी ती भरून दिली. मग काय, रोज पत्रं. काका मराठीत सांगणार, मी मोबाइलवर इंग्रजी करून टाकणार. "विचार, पाऊस झाला का. विचार, गुडघा कसा आहे." तिनं फोटो पाठवला तेव्हा सगळ्या गल्लीला दाखवून आले. "डोळे बघा. आपल्यातलीच आहे."

त्यात माझ्या सुवर्णाचं लग्न ठरलं. मला भाऊ नाही. अंतरपाटाशी पोरीला आणायला मामा पाहिजे. काका आपणहून म्हणाले, "मी हाय की." मी त्यांना काका म्हणते, पोरीचे ते मामा कसे, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीच त्याची खबर घेतली असती. काकांनी नवा सदरा शिवला.

लग्नाला चार दिवस राहिले आणि नोराच्या शेजारणीचं पत्र आलं. नोरा झोपेतच गेली होती. मी वाचून दाखवलं. काका उठले, सरळ घरी गेले, आणि संध्याकाळी निरोप पाठवला: मला सुतक आहे, मांडवात येता येणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "काका, ती ख्रिश्चन."

"रक्ताला धर्म नसतो."

"भटजींना विचारलंय मी. एवढ्या लांबचं सुतक कुणी धरत नाही आजकाल."

"आजकालचं नको सांगू. चौथी पिढी हाय. सात पिढ्यांपर्यंत लागतं."

"पण बाईमाणूस, लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली."

"तिचं लग्नच नव्हतं झालं." काका उंबऱ्याच्या आतून बोलत होते, लांब सरकून, मला शिवू नये म्हणून. "शेजारणीनं कळवलं, मंदा. घरचं कुणी असतं तर घरच्यानं कळवलं असतं. तिच्यामागं कुणी नाय. जन्माला आलेल्या माणसाचं कुणीतरी दहा दिवस धरलं पाहिजे का नाय? मीच हाय." मग म्हणाले, "मी गेलो की माझ्या नावानं चर्चमधी मेणबत्ती लावीन, असं तिनं लिहिलं होतं. आता ते पण गेलं."

मी घरी आले. मांडवात बायका लाडू वळत होत्या. मी चूल मोकळी करायला लावली आणि बिनफोडणीचं पिठलं आणि भात केला. "लग्नघरात हे कसलं करतेस?" असं सासूबाईंनी विचारलं. म्हटलं, सुतकाच्या घरी शेजाऱ्यानं जेवण द्यायचं असतं, तुम्हीच शिकवलंत.

पातेलं काकांच्या उंबऱ्यावर ठेवलं. ते नुसते त्याच्याकडं बघत राहिले. चुलतभावांपैकी कुणी साधं विचारायलाही आलं नव्हतं. मग बसून जेवायला लागले, आणि घास तोंडात असतानाच रडले.

माझा राग काही उतरला नव्हता. "ती गेली म्हणून तुमचं कुणी नाही म्हणता? आणि आम्ही काय मेलो?"

"तुमचं माझं रक्त नाय, मंदा," असं ते अगदी हळू म्हणाले.

लग्नाच्या दिवशी नवा सदरा न घालता ते रस्त्यापलीकडं, मांडवाबाहेर उभे होते. भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. माझ्या नणंदेचे यजमान लगबगीनं पुढं झाले. सुवर्णानं त्यांना थांबवलं.

"माझे मामा सुतकात आहेत," असं ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, आणि एकटीच चालत अंतरपाटाशी गेली.