जोगळेकरांचा कमी दाब

रेडिओवरच्या बातम्यांत ‘बंगाल की खाड़ी में कम दबाव का क्षेत्र’ असं आलं की जोगळेकर हसायचे. निवेदकानं विनोद केला असावा, असे हसायचे.

“नऊशे नव्वद मिलिबार,” ते मला म्हणत, “आणि याला हे लोक कमी दाब म्हणतात. एकदा आमच्या भट्टीपाशी आणून उभं करायला पाहिजे यांना.”

झाशीबाहेरच्या आमच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनत. ट्रान्सफॉर्मरच्या आत कागद गुंडाळलेला असतो; त्यात ओल राहिली तर पुढे सगळंच जळतं. म्हणून तेल भरण्याआधी ते अख्खं धूड बंद भट्टीत ढकलायचं, तापवायचं आणि पंपानं आतली हवा उपसत राहायचं. हवा कितपत उपसली हे बघायचं काम जोगळेकरांचं. मी नियोजन विभागात. ‘भट्टी कधी रिकामी होणार?’ एवढंच विचारायला त्यांच्याकडे जायचो आणि डोकं धरून परत यायचो.

कारण तिथं तीन भट्ट्या होत्या आणि तिघींचे मापक तीन देशांतून आलेले. एक टॉरमध्ये बोलायचा, दुसरा मिलिबारमध्ये, तिसरा पास्कलमध्ये. आतला दाब तोच, नावं तीन. एक टॉर म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश मिलिबार, एक मिलिबार म्हणजे शंभर पास्कल, ही आकडेमोड जोगळेकर चालता चालता करत. स्वतः ते कट्टर पास्कलवाले. टॉरचं नाव काढलं की, खानदानी घरात कुणी उष्ट्या हातानं वाढायला घेतल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. एकक न सांगता कुणी नुसता आकडा सांगितला, तर “भैया, कशात?” असं म्हणून ते पेन खाली ठेवत.

लग्न केलं नव्हतं. हातानं रांधायचे. एकदा बडा बाजारात कुकर घ्यायला गेले आणि दुकानदाराला विचारलं, “प्रेशर कितना लेता है?”

“तीन सीटी, बाबूजी.”

शिटी हे एकक कुठल्या कोष्टकात बसतं, यावर तिथं बराच वेळ चर्चा झाली म्हणे. जोगळेकर कुकर न घेताच परत आले.

अशा माणसाला एकच मित्र होता, भट्टीवरचाच सक्सेना. तो कट्टर टॉरवाला. दोघं दुपारी एकत्र जेवत, सक्सेनाभाभी डब्यात जोगळेकरांसाठी दोन पराठे जास्त घालत, आणि जेवण संपेपर्यंत टॉर की पास्कल हे भांडण चाले. ऐकणाऱ्याला वाटावं, आता हे हातघाईवर येणार. मग सक्सेना बडीशेप काढे आणि दोघं अर्धी अर्धी खात.

एकदा घाईचा माल होता. तपासणीला पाहुणे आलेले. पाळी सक्सेनाची. दाब अर्ध्या मिलिबारवर आला की भट्टी उघडायची असं ठरलेलं. सक्सेनानं मापक पाहिला आणि जाहीर केलं, “आधा.”

“आधा क्या?” जोगळेकर म्हणाले.

मापक टॉरचा होता. अर्धा टॉर म्हणजे दोन तृतीयांश मिलिबार. काम अजून बाकी होतं. जोगळेकरांनी साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर भट्टी उघडू दिली नाही. ओला माल बाहेर जायचा वाचला. सक्सेनाची बढती मात्र त्या वर्षी गेली, आणि पुढे कधी आलीच नाही.

त्या दिवसापासून बोलणं बंद. पराठेही बंद. काम तर दोघांना मिळूनच करायचं, म्हणून मधे मी.

“इनसे कह दीजिए, दो टॉर,” सक्सेना म्हणायचा.

जोगळेकर हातभर अंतरावर बसलेले. “त्यांना सांग, दोनशे सदुसष्ट पास्कल.”

मी सांगायचो. पगार मला नियोजनाचा मिळत होता.

पुढे दोघं निवृत्त झाले. आणि एक दिवस कळलं, सक्सेनाला अर्धांगाचा झटका आलाय. मी जोगळेकरांना जाऊन सांगितलं. ते नुसतं “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो, तर हे सक्सेनाच्या उशाशी स्टुलावर बसलेले.

तरुण डॉक्टर रक्तदाब बघून म्हणाले, “एक सौ अस्सी.”

“एक सौ अस्सी क्या?”

“जी?”

“यानी चौबीस हज़ार पास्कल,” जोगळेकर म्हणाले.

भाभींनी एवढा वेळ धीर धरला होता. चौबीस हज़ार ऐकताच त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. डॉक्टर जोगळेकरांना बाहेर काढणार, एवढ्यात खाटेवरून काहीतरी आवाज आला. सक्सेनाचं तोंड वाकडं झालेलं, शब्द लागेना. जोगळेकर खाली वाकले.

“टॉर,” सक्सेना म्हणाला.

रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरात मोजतात, आणि पाऱ्याचा मिलिमीटर म्हणजेच टॉर. जोगळेकर सरळ उभे राहिले. मग डॉक्टरांना म्हणाले, “टॉर ही लिखिए. ये ठीक कह रहे हैं.”

बाहेर पडल्यावर ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले.

“त्या दिवशी मी बरोबरच होतो रे,” ते म्हणाले.

“होतातच.”

“हो ना.” एवढंच बोलून ते परत आत गेले.

थंडीत मी सक्सेनाच्या घरी गेलो. तो अंगणात उन्हात वेताच्या खुर्चीत बसला होता, तोंडाला साबण. जोगळेकर एका हाताच्या अंगठ्यानं त्याचा लोंबता गाल ताणून धरून दुसऱ्या हातानं दाढी करत होते. जीभ दातांत धरलेली.

“नाई को भगा दिया इन्होंने,” भाभी मला हळूच म्हणाल्या. “और किसी से करवाते ही नहीं. रोज़ यही आते हैं.”

दाढी झाली. जोगळेकरांनी पंच्याच्या टोकानं त्याच्या कानामागचा साबण पुसला आणि आरसा समोर धरला. सक्सेनानं स्वतःचा चेहरा बराच वेळ पाहिला. मग चांगला हात उचलून जोगळेकरांच्या मनगटावर ठेवला.

जोगळेकरांनी तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग नळावर जाऊन, आमच्याकडे पाठ करून, ब्रश धूत राहिले. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.