माकडटोपी घातलेलं दही

थंडीच्या दिवसांत आमचे हत्तुरे काका स्वतः कुडकुडत बसतात आणि आपली माकडटोपी दह्याच्या गाडग्याला घालतात. गाडग्याभोवती जुनी चादर, वर टोपी, आणि टोपीवर हलकेच एक थापटी. "झोपा आता," असं म्हणून मगच दिवा मालवतात. उन्हाळ्यात याच्या उलट. कूलरसमोर गाडगं, आणि काका बाजूला बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत असतात.

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा खोली बघायला मैंदर्गीहून माझे वडील, अण्णा, आले होते. त्यांनी टोपी घातलेलं गाडगं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "माणूस चांगला वाटतोय. पण तू जरा जपून ऱ्हा."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलंय. अण्णा गावात सांगतात, "पोरगी जंतूंचं शिकतेय." ऐकणारे लांब सरकतात. हत्तुरे काका मात्र विषयाचं नाव ऐकून खुर्चीतून उठले होते. "म्हणजे आमच्याच खात्यातली की!" तेव्हापासून माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. जिन्याखालून हाक येते, "ए मायक्रोबायॉलॉजी, चहा घेतीस काय?"

काका एका शाळेत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण ऑफिस सुटलं नाही. पोटातल्या जंतूंना ते 'स्टाफ' म्हणतात. दुकानातलं दही म्हणजे टेंपररी स्टाफ, घरचं म्हणजे पर्मनंट. मी कधी वडापाव घेऊन जिना चढू लागले की खालून प्रश्न यायचा, "स्टाफला विचारलं काय?" कडक भाकरी आणि शेंगाची चटणी स्टाफला मंजूर आहे. बिस्किट दिसलं की स्टाफ रजेवर जातो. एकदा एका रिक्षावाल्यानं पोट दुखतंय म्हटलं, तर काकांनी त्याला रिक्षा बाजूला घ्यायला लावून स्टाफची सगळी रचना समजावून सांगितली. शेवटी तो बिचारा म्हणाला, "काका, भाडं नको. पण उतरा."

हे सगळं मला आधी नुसतं गमतीचं वाटायचं. हळूहळू कळत गेलं की यामागं काकी आहेत.

काकींना ल्युपस आहे. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते, ती या आजारात आपल्याच माणसाला परकं समजून त्याच्यावर उठते. सकाळी काकींची बोटं मिटत नाहीत. गालांवर लाल चट्टे येतात. आता मूत्रपिंडांवरही लक्ष ठेवावं लागतंय. ऊन तर अजिबात नको. सोलापुरात राहणाऱ्या बाईला हे सांगताना डॉक्टरांनाही जड गेलं असेल.

त्याच डॉक्टर एकदा औषधं लिहिता लिहिता म्हणाल्या होत्या, की आतड्यांतले जंतू आणि ल्युपस यांचा काही संबंध आहे का यावर संशोधन चाललंय. काही रुग्णांच्या पोटात जंतूंची विविधता कमी दिसते. याच्यापुढं त्यांनी बरेच 'पण' जोडले होते, असं काकी सांगतात. काकांनी 'विविधता' तेवढी ऐकली आणि उठले.

"आपल्याकडं एकाच घराण्याचा स्टाफ झालाय," त्यांनी घरी आल्यावर जाहीर केलं. "गल्लीतनं भरती करायला पाहिजे."

भरती म्हणजे दारोदार जाऊन विरजण मागणं. यात एक अडचण होती. काका दिवसा घराबाहेर पडत नाहीत. का, म्हणून विचारलं तर सांगतात, "उन्हानं स्टाफ कोमेजतो." त्यामुळं ते वाटी घेऊन निघायचे सूर्य मावळल्यावर. आणि आमच्याकडं दिवे लागल्यावर विरजण कुणी देत नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणतात.

समोरच्या म्हेत्रे काकू दारातच हात जोडायच्या. "काका, दिवेलागणीला न्हाई हो देत. सकाळी या की."

"सकाळी ऊन असतंय."

"सात वाजता कुटलं आलंय ऊन?"

"सोलापूरचं ऊन सहालाच ड्युटीवर येतंय. एक चमचा द्या. लक्ष्मी एवढ्या चमच्यावर बसून कशाला जाईल? तिला काय रिक्षा मिळत न्हाई काय?"

म्हेत्रे काकू हसू दाबत दार लावून घ्यायच्या. मग काका कोपऱ्यावरच्या गड्डम आजींकडं. त्या तेलुगू, कान जरा कमी. त्या पुन्हा पुन्हा "ऊहूं" म्हणायच्या आणि काका त्यांना तेवढ्याच वेळा स्टाफ समजावायचे. शेवटी लोकांनी तोड काढली. ज्यांना द्यायचं असेल ते दिवे लावायच्या आधीच वाटीत विरजण काढून कट्ट्यावर झाकून ठेवू लागले. काका अंधार पडल्यावर वाट्या गोळा करायचे.

या सगळ्या घरांच्या विरजणाचं एकत्र लावलेलं दही कधी तार धरायचं, कधी नुसतं आंबट पाणी व्हायचं. काका त्याला 'संमेलन' म्हणायचे. स्वतः मात्र त्यातला एक थेंब चाखायचे नाहीत. लहानपणापासून त्यांना दह्याचा वाससुद्धा सहन होत नाही. नाकाला रुमाल बांधून ते विरजण लावतात.

काकी मात्र रोज एक वाटी संपवायच्या. एकदा मी हळूच विचारलं, "काकी, चांगलं लागतं का हो?"

"न्हाई गं बाई," काकी कुजबुजल्या. "पण ते समोर बसतात की. वाटी संपली की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जातात." मग म्हणाल्या, "आणि त्या उन्हाचं काय खरं मानू नकोस. नोकरीत होते तेव्हा भर दुपारी सायकलीवर हिंडणारा माणूस. मला ऊन बंद झालं, दुसऱ्या दिवसापासनं तेबी घरात. स्टाफबिफ लई नंतर आला."

डिसेंबरात काकींची तपासणी होती. काका आठवडाभर खुशीत होते. "या वेळी मोठी गोळी अर्धी होणार बघ." वेळ दिवेलागणीनंतरचीच घेतली होती, आणि दवाखान्यात त्यांनी मलाही नेलं. आपल्या खात्याचं माणूस बरोबर असावं म्हणून. खिशात संमेलनाची एक बाटलीही होती, डॉक्टरांना दाखवायला.

रिपोर्ट चांगला आला नाही. लघवीतून जाणारं प्रथिन वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली नाही, वाढवली.

काकांनी तरी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. भरती, कट्ट्यावरच्या वाट्या, सगळं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, संबंध असावा असं दिसतंय. पण जंतू बदलल्यामुळं आजार होतो, की आजारामुळं जंतू बदलतात, हे अजून नक्की कळलेलं नाही. काकींच्या औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती कमी होते. असं घरोघरचं, कुठल्या दुधाचं, कुठल्या भांड्यातलं त्यांना देऊ नका. नीट तापवलेल्या दुधाचं, घरचं स्वच्छ दही थोडं खाऊ दे. आणि गोळी एकही चुकवायची नाही."

"माझ्यामुळं वाढलं काय?" काकांनी विचारलं.

"मला तसं वाटत नाही. हा आजार वर-खाली होतच असतो."

 रिक्षात काका माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय गं?" मी म्हणाले, "आमच्या पुस्तकात एवढं नाही काका." याहून बरं काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी मला पहिल्यांदाच मायक्रोबायॉलॉजी म्हटलं नव्हतं, हे तेवढं लक्षात आलं.

त्या रात्री गाडगं घासून पालथं पडलं. चादर घडी होऊन कपाटात गेली. आणि दुसऱ्या दिवशी मी जिना उतरले तेव्हा माकडटोपी काकांच्या डोक्यावर होती. थंडीत माणसानं टोपी घालावी यात खरं तर काहीच नाही. पण मला ते बघवेना.

मी वडापाव मुद्दाम त्यांच्या समोरून नेला. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

त्यानंतर एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, मी खाली काकींपाशी बसले असताना दार वाजलं. म्हेत्रे काकू उभ्या होत्या, हातात झाकलेली वाटी. "काका, बरं न्हाई काय? कट्ट्यावर वाटी ठेवतेय, तशीच ऱ्हातेय."

"अहो, पण आता दिवे लागले की," काका म्हणाले.

"लक्ष्मीला सांगून आलेय, जरा दम धर म्हणून."

त्यांच्या मागून गड्डम आजी काठी टेकत आल्या, पदराखाली स्टीलचा डबा. मग शेजारचे आणखी दोघं. बोलून ठरवलं नसावं, कारण एकमेकांना बघून सगळेच संकोचले. डबा पुढं करून आजी म्हणाल्या, "भरती."

काका दारात तसेच उभे राहिले. डॉक्टरांनी तुमचं विरजण बंद करायला सांगितलंय, हे त्यांना म्हणता येईना. काकींना ते देताही येईना. आणि लोक तर काकी खातात की नाही हे बघायला थांबलेले. काकांनी एकदा आत काकींकडं पाहिलं, मग म्हेत्रे काकूंची वाटी उचलली आणि रुमाल न बांधता तोंडाला लावली.

एकामागून एक सगळी विरजणं त्यांनी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं होतं, नाक आक्रसलं होतं. पण प्रत्येक वाटीनंतर ते "झकास" म्हणत होते. गड्डम आजींचा डबा तर त्यांनी बोटानं निपटून दिला.

लोक गेल्यावर ते खुर्चीत बसले, दोन्ही हात पोटावर ठेवून.

"कसं वाटतंय स्टाफला?" काकींनी विचारलं.

"भरती जास्त झाली," काका कसेबसे म्हणाले.

काकी हसायला लागल्या. रिपोर्ट आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्या फ्रिजकडं गेल्या आणि मागच्या कोपऱ्यातून एक लहान वाटी काढली. "आपल्या घरचं विरजण मी मोडलं नव्हतं. तुमचं संमेलन वेगळं, आपलं वेगळं."

दूध तापवलं, कोमट होऊ दिलं. पालथं गाडगं पुन्हा घासून काकींनी त्यात स्वतःच विरजण लावलं. बोटं वळत नव्हती, तरी मला हात लावू दिला नाही. रात्रीची गोळी घेतली. मग कपाटातली चादर काढून गाडग्याभोवती गुंडाळली, काकांसमोर आल्या, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि गाडग्याला घातली.

खिडकीतून गार वारा येत होता. काका कुडकुडत होते. पण टोपी त्यांनी मागितली नाही. हात लांब करून टोपीवर हलकेच थापटी मारली आणि मला म्हणाले, "ए मायक्रोबायॉलॉजी, खिडकी लाव की. ह्यांना थंडी वाजेल."