धूर बघणारे दस्तगीरभाई

दस्तगीरभाई शिंपी रोज सकाळी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसत, ते अंघोळीला नव्हे, धोबी बघायला. पलीकडच्या काठावर धोबी कपडा दगडावर आपटे. आपटलेला कपडा आधी दिसे आणि त्याचा ‘धप्’ नदी ओलांडून मागाहून येई. दस्तगीरभाईंच्या हातात शर्यतीचं स्टॉपवॉच असे. कपडा दगडाला लागलेला दिसला की अंगठा खाली. आवाज पोचायच्या आत घड्याळ सुरू झालंच पाहिजे, असा हा शंभर वेळा करायचा व्यायाम. एखाद्या वेळी अंगठा आवाजावर हलला, की ते स्वतःला शिवी घालत आणि पुन्हा एकपासून मोजायला लागत.

महिनाभर हे बघून एके दिवशी तो धोबी पूल ओलांडून आला.

“पावणं, माझ्यावर पाळत ठेवाय कुनी बसवलंय तुमाला?”

“तुमच्यावर न्हाय वो, तुमच्या दणक्यावर,” दस्तगीरभाई म्हणाले. “लय झ्याक हाय दणका. फकस्त जरा एकसारखं बडवा की.”

धोब्याने त्यांना वेडा ठरवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच एकसारखं बडवायला लागला.

नंदन, इरा, तुम्ही दोघांनी मागच्या पत्रात विचारलं होतं, की आजी कधी मैदानावर गेली होती का. गेले होते, आणि ते दस्तगीरभाईंमुळे. त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. तुमच्या आजोबांचे सगळे शर्ट ते शिवत. शिलाईचं काम पोटासाठी आणि शर्यतींना वेळ लावण्याचं काम हौसेसाठी. जिल्ह्यात कुठेही धावण्याची शर्यत असली की शेवटच्या रेषेजवळ लाकडी पायऱ्यांवर हे बसलेले. गळ्यात एका बाजूला मापाची टेप, दुसऱ्या बाजूला फ्लॅनेलच्या पिशवीत स्टॉपवॉच. त्यांच्या बायको, जैनबभाभी, म्हणायच्या, “माझ्या चार लेकरांस्नी एवढं जपून कवा धरलं न्हाय.”

वेळ लावणाऱ्यापासून शर्यत सुरू करणारा माणूस शंभर मीटर लांब असतो. त्याच्या पिस्तुलाचा धूर लगेच दिसतो, आवाज पाव सेकंदाहून थोडा जास्तच उशिरा येतो. आवाजावर घड्याळ दाबलं तर धावणाऱ्याला तेवढा वेळ फुकट मिळतो. दस्तगीरभाईंचं सगळं आयुष्य त्या पाव सेकंदात मुक्कामाला होतं. “कान ही लबाड जात हाय, बाई. धूर बगा, धूर!” रस्त्यात लग्नाची वरात दिसली, तरी ते बँडवाल्याच्या टिपरीकडे बघत आणि मनात अंगठा दाबत.

शर्यतींच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. दस्तगीरभाई चौथीपर्यंत शिकलेले. म्हणून दर रविवारी ते पुस्तक कापडात गुंडाळून आमच्याकडे येत आणि मी एकेक कलम मराठीत सांगे. मी मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, पण असा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही. एक कलम त्यांना फार आवडे. पहिल्या नंबराला तीन घड्याळं लावतात. त्यांतली दोन जुळली तर ती वेळ खरी. तिन्ही वेगळी आली तर मधली. आणि एक घड्याळ बाद होऊन दोनच उरली, ती जुळली नाहीत, तर जास्तीची वेळ धरायची. “म्हंजे शंका असंल तर कुनाला फुकट द्यायचं न्हाय,” ते मान डोलावत. “लिवणारा मानूस शिंपी असनार.”

माणूस किती वेगाने पळू शकतो याबद्दलही त्यांचा एक सिद्धांत होता. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग वाढलं की उसवून तेवढं मोठं करता येतं. “तसंच मानसाचं. परतेकात माया असती. उसवून काढता येती, पन असंल तेवढीच. शंभर मीटरला धा शेकंद ही आखरीची शिवन. त्याच्यापल्याड कापडच न्हाय.”

एके दिवशी मी त्यांना इंग्रजी पेपरातून वाचून दाखवलं, की परदेशात एकजण दहा सेकंदांच्या आत पळाला. त्यांनी पेपर हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, “धूर कुनी बगितलावता?”

“कुणी नाही. यंत्राने मोजलंय.”

“मशिनला डोळा असतोय व्हय?”

दोन दिवसांनी तुमच्या आजोबांचा शर्ट घेऊन आले, तेव्हा दारातूनच म्हणाले, “बाई, धाच्या आत असंल थोडी माया. आपली नजर पोचली न्हाय.” हरल्याचं दुःख नव्हतं, उलट चेहरा उजळला होता.

आमच्या कॉलेजात तेव्हा मंगल होती. गडमुडशिंगीची. पहाटे घरच्या म्हशींच्या धारा काढून सायकलने कॉलेजला येणारी आणि मागच्या मोसमात जिल्ह्यात पहिली आलेली. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, तिला आणखी पळू दिलं ते दोन अटींवर. एक, गुडघा दिसता कामा नये. दोन, पुण्याच्या प्रशिक्षण शिबिरातून बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर पळणं बंद. पहिली अट दस्तगीरभाईंनी सोडवली. चार वेळा उसवून त्यांनी अशी चड्डी शिवली, की गुडघा झाकेल आणि वाऱ्याने फडफडणारही नाही. आत माया सोडली. “आजून चार वर्सं पळनार हाय पोरगी,” म्हणाले.

दुसरी अट अवघड होती. शिबिराला बारा पॉइंट सात सेकंदांच्या आत धावलेल्या मुलीच घेत होते. मंगल सरावात बारा पॉइंट नऊ धावे. मी दस्तगीरभाईंना विचारलं, होईल का? ते म्हणाले, “हुईल की. फुडच्या वर्साला. औंदा न्हाय. आप्पांस्नी मी सांगतो समजावून, औंदा निस्ती पळू द्या.”

मोसमातली पहिली शर्यत दिवाळीनंतर होती. मुलींच्या शर्यतीला एक तरी बाई पंच हवी होती आणि नियम तोंडपाठ असलेली बाई गावात एकच. पायऱ्यांवर सगळ्यांत वर दस्तगीरभाई, मध्ये आमच्या कॉलेजचे देसाईसर, खाली मी. देसाईसर चहाची बशी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

“सर, धूर!” वरून आवाज आला.

“अहो बघतोय, बघतोय. तुमचा धूर काय पळून जातोय?”

मंगलने जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या पाठीचा कणा थरथरतोय की काय, असं मला एवढ्या लांबून वाटलं. तेवढ्यात धडाम् झालं, मी दचकले आणि दचकताना माझा अंगठा दाबला गेला.

मंगल पहिली आली. माझ्या घड्याळात बारा पॉइंट सहा. देसाईसरांच्याही बारा पॉइंट सहा. दस्तगीरभाईंच्या बारा पॉइंट नऊ. दोन जुळली. कर्ण्यावरून वेळ जाहीर झाली आणि मुलींनी मंगलला उचलून घेतलं. मागे उभे असलेले आप्पा पटका काढून डोळे पुसत होते.

दस्तगीरभाई पायऱ्या उतरून माझ्यापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, “बाई, धूर बगितलासा?”

मी ‘नाही’ म्हटलं असतं तर माझं घड्याळ बाद झालं असतं. दोन उरली असती आणि जास्तीची वेळ, बारा पॉइंट नऊ, खरी ठरली असती. ते कलम मीच त्यांना शिकवलं होतं.

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. “मग बराबर हाय,” म्हणाले, आणि स्वतःचं घड्याळ कानाला लावून हलवून बघायला लागले.

मंगलचं भलं व्हावं म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तेही थोडं खरं आहे. पण तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की एवढे नियम समजावून सांगणाऱ्या मला धूर दिसला नाही, हे चौथी शिकलेल्या माणसासमोर कसं कबूल करू?

पुढचे तीन आठवडे दस्तगीरभाई घाटावर सकाळ-संध्याकाळ बसत होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. “शेवटच्या रेषेवर आंगठा जड पडला असंल,” म्हणत राहिले. मी ऐकत होते.

पुण्यात पहिल्याच दिवशी मंगलला चार वेळा पळवलं. बारा नऊ, बारा नऊ, तेरा, तेरा. तिथला एक प्रशिक्षक सगळ्या मुलींसमोर म्हणाला, “कोल्हापुरात सेकंद मोठा असतो काय गं?” तिसऱ्या दिवशी ती एसटीने परत आली. गावात हसं झालं. आप्पांनी पळणं बंद केलं ते कायमचं, आणि उन्हाळ्यात तिला चंदगडकडे दिली. बारा पॉइंट नऊ या खऱ्या वेळेवर तिला आणखी एक वर्ष मागून घेता आलं असतं. दस्तगीरभाई तेच म्हणत होते.

मंगल परतली आणि त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. रविवारी पुस्तक घेऊन येणं मात्र थांबलं. वेळ लावण्याचं कामही त्यांनी सोडलं. एकदा मी मनाचा हिय्या करून दुकानात गेले. ते तोंडात टाचण्या धरून कापड बेतत होते.

“दस्तगीरभाई, त्या दिवशी मी—”

त्यांनी एकेक टाचणी काढून गादीत खोचली. सगळ्या संपल्यावर म्हणाले, “बाई, सायबांच्या शर्टाची कॉलर औंदा बारीक ठेवू का हाय तशीच?”

मी म्हटलं, तशीच.

मागल्या महिन्यात एसटी स्टँडवर एक बाई काजूची पिशवी सांभाळत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मंगल. अंगाने भरली आहे, पण चालताना अजून टाचा जमिनीला लागत नाहीत. तिने वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न केला, “चाचा हायत?”

“चार वर्षं झाली गं जाऊन.”

तिने पिशवी खाली ठेवली. “लय राग हुता माझा त्यांच्यावर. त्यांचंच घड्याळ बिघडलं हुतं न्हवं?”

“कोण म्हणालं तुला?”

“तेच की! मी पुन्यासनं आल्यावर दर ऐतवारी सायकल मारत घरी येत हुते. ‘घड्याळ माझं बिघडलं, सगळ्यांच्या वेळा माझ्यामुळं चुकल्या, पोरीचा काय दोष न्हाय, एक वर्स द्या तिला.’ आप्पा आत सुदीक घेत न्हवते. वट्ट्यावर बसून पानी पिऊन जायचे. साताठ ऐतवार तरी आले असतील. आखरीला आप्पांच्या पाया पडले, वयानं मोठं असून. तरीबी आप्पा बधले न्हाईत.” तिने पिशवीतून ओंजळभर काजू काढून माझ्या रुमालात बांधले. “आता न्हाय राग. मशिनच ते, बिघडायचंच. बरं, तुमी कशा हाय, बाई?”

त्या सगळ्या रविवारी मी घरी बसून समजत होते, की ते रागावले म्हणून येत नाहीत.

मी तोंड उघडलं होतं. पण तिची गाडी लागली, तिने खिडकीतून हात हलवला आणि मीही हलवला. गावाचं नाव तेवढं विचारून घेतलं.

हे सगळं मी खाली कार्बन घालून लिहिलं आहे. वरची प्रत आजच सकाळी चंदगडकडे मंगलला पाठवली. तुम्हाला येते आहे ती खालची, म्हणून अक्षर फिकट दिसेल.