उताणे पडलेल्यांचे सांत्वन

एखादी वस्ती किती सुसंस्कृत आहे, हे तिथली माणसं दुसऱ्याच्या दुःखात किती लवकर पोचतात यावरून ठरतं. या कसोटीवर धरमपेठेतली आमची गल्ली नागपुरात पहिली यावी. इतर गल्ल्यांत माणूस गेल्यावर लोक जमतात. आमचं सांत्वन मंडळ (मी त्याचा कार्यवाह) बहुधा थोडं आधीच पोचलेलं असतं.

मंडळाच्या कार्याला खरा बहर आला तो १९७६ च्या उन्हाळ्यात, मधुकररावांच्या कोळ्यांमुळे. मधुकरराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पारशिवनीला सासुरवाडी असलेला माणूस येताना तांदूळ आणतो, फार तर मोहाची फुलं आणतो. यांनी टॅरंटुला आणली, म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळ्याची मादी. तिने आल्या आल्या अंडी घातली आणि घरात मुगाच्या डाळीएवढी पिल्लंच पिल्लं झाली. वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माहेरी निघून जाण्याची धमकी देऊन पाहिली. पण पिल्लंच माहेरची निघाल्याने त्यांना बोलायला जागा उरली नाही.

प्रत्येक पिल्लू शाईच्या वेगळ्या बाटलीत राही, कारण एकत्र ठेवली की ती एकमेकांना खातात (भाऊबंदकीचा हा प्रकार गल्लीला नवा नव्हता). झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, तळाला ओलसर माती, जेवायला रातकिड्याची एक तंगडी. मधुकरराव रोज सकाळी प्रत्येक बाटलीशी दोन शब्द बोलत. वच्छलाबाईंशी ते एकच बोलत, पण तो प्रेमाचा असे.

मग एका पिल्लाने अन्न सोडलं. ते कोपरा धरून बसलं आणि एका सकाळी उताणं पडलं, पाय वर. समोरच्या सुभद्राबाईंनी हे खिडकीतून पाहिलं आणि भाजीची फोडणी उतरायच्या आत मंडळ हजर झालं.

आमची कार्यपद्धती सोपी आहे. चपला बाहेर. अध्यक्ष रुपरावांचा उसासा (हा अधिकार घटनेने फक्त अध्यक्षांना दिला आहे). त्यानंतर रांगेने अंत्यदर्शन आणि शेवटी सुभद्राबाईंच्या हस्ते मुखात तुळशीपत्र व गंगाजळ. थेंब पिल्लापेक्षा मोठा होता, पण आमच्या मंडळात हात आखडता घेत नाहीत.

"थांबा गा!" मधुकरराव ओरडले. "थे मेलं नाही! कात टाकून राहिलं! कात टाकताना थे असंच उताणं पडते!"

रुपरावांनी त्यांना छातीशी धरलं. "सुरुवातीले असंच वाटते, मधुकरराव. माहा बाप गेला तवा मीबी हेच म्हणत होतो. तोबी उताणाच होता."

थेंब पडला. पिल्लू एकदा हललं (प्राण जाताना असं होतं) आणि मग हललं नाही. मधुकरराव हमसून हमसून रडले. दुःख असं मोकळं झालं की मंडळाला कृतार्थ वाटतं.

त्यानंतर पिल्लं एकामागून एक उताणी पडू लागली. ज्यांना गंगाजळ मिळालं, ती शंभर टक्के गेली. म्हणजे आमचं निदान एकदाही चुकलं नाही. शहरातल्या कुठल्याही डॉक्टरने असा हिशेब दाखवावा. मधुकररावांनी दाराला कडी घातली, तेव्हा आम्ही त्यांची मनःस्थिती ओळखली आणि मागच्या दाराने गेलो. त्यांनी मागचं दारही लावलं, तेव्हा त्यांना आमची जास्तच गरज आहे हे स्पष्ट झालं.

शेवटी एकच पिल्लू उरलं. त्याचं नाव बारकी. मे महिन्यात तिनेही अन्न सोडलं. मधुकररावांनी परीक्षेच्या कामातून रजा घेतली, बाटली निजायच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली आणि तिच्यासमोर पहारा धरला. काळजीने त्यांनाही जेवण जाईना. वच्छलाबाई ताट नेत आणि तसंच परत आणत. हे सारं सुभद्राबाई कूलरच्या बाजूच्या फटीतून बघत होत्या. तिसऱ्या दुपारी जागरणाने थकून मधुकरराव आडवे झाले, आणि सुभद्राबाईंनी गल्लीत हाक दिली, "चला वं, लवकर चला! मास्तर उताणे झाले!"

अन्न सोडलेलं, कोपरा धरलेला, उताणे: लक्षणांत शंकेला जागा नव्हती. दारं बंद होती म्हणून आम्ही खिडकीतला कूलर बाजूला सरकवून आत गेलो. गंगाजळ पिल्लांवर खर्ची पडत आलं होतं आणि माणसाला लागतंही जास्त, त्यामुळे रुपरावांनी त्यात कूलरच्या टाकीतलं पाणी मिसळलं (वाळ्यामुळे ते सुगंधी होतं). तांब्याभर गेलं असेल.

मधुकरराव ठसकत उठून बसले. "मी जित्ता आहो गा! काहून बुडवून राहिले मले?"

"सुरुवातीले असंच वाटते," रुपराव म्हणाले आणि त्यांना हळुवारपणे पुन्हा निजवलं.

दुसरा तांब्या भरत होता, तेवढ्यात वच्छलाबाई लाटणं घेऊन आल्या. मंडळाने उरलेला कार्यक्रम स्थगित केला.

या गडबडीत कोनाड्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. तिथे बारकीने शांतपणे कात टाकली होती आणि आपल्या जुन्या कातड्याशेजारी ती दुप्पट मोठी होऊन उभी होती. ओलेचिंब मधुकरराव बाटली गालाला लावून हसत होते, रडत होते. "राहिली वं, वच्छला, एक राहिली!" एवढंच म्हणत होते. मलाही गलबलून आलं. रुपरावांनी मात्र डोक्यावरची टोपी काढली आणि उरलेलं पाणी मधुकररावांनी बाटलीतून काढून कोनाड्यात ठेवलेल्या कातड्याच्या मुखी घातलं. कातडं काही बोललं नाही. सांत्वन इतक्या समजूतदारपणे घेणारं दुसरं कोणी मी आजवर पाहिलेलं नाही.

या यशानंतर मंडळाने आपलं कार्यक्षेत्र वाढवलं आहे. उन्हाळ्यात तुम्हालाही दोन घास कमीच जात असतील. दुपारी कूलरपुढे पडून तुम्ही हे वाचत असाल, आणि वाचता वाचता पुस्तक छातीवर येऊन डोळा लागेल. अशा वेळी खिडकीतला कूलर सरकल्याचा आवाज आला, तर कृपा करून ओरडू नका. आपण जिवंत आहोत असं तुम्हाला वाटेल. सुरुवातीला असंच वाटतं.