डबा जाईल एवढी वाट

सोमवारी संध्याकाळी एकेहार्ट ड्योरिंगने ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा मागच्या अंगणातून बोळात ढकलला आणि डबा अडकला. त्याने तो मागे ओढला, चाकं सरळ केली आणि पुन्हा ढकलला. डबा पुन्हा अडकला. उभा जन्म शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला ठाऊक होतं की तोच प्रयोग परत केल्याने उत्तर बदलत नाही. तरी त्याने तिसऱ्यांदा ढकलून पाहिलं. मग आतून टेप आणली. डबा अठ्ठावन्न सेंटिमीटर, बोळ चोपन्न.

उन्हाळ्यापर्यंत बोळ अडुसष्ट होता. गेलेले चौदा सेंटिमीटर एकेहार्टने स्वतःच भिंतीवर चिकटवून घेतले होते.

सुरुवात एका पोपड्याने झाली. घराची एक बाजू आणि शेजारच्या उम्बाखचं गॅरेज यांच्यामध्ये हा बोळ. तिथे कमरेच्या उंचीवर तळहाताएवढा गिलावा सुटला होता. एकेहार्टने गवंडी बोलावला. गवंड्याने हातोडीच्या दांड्याने भिंतीवर टकटक केलं.

"पोकळ वाजतंय, साहेब."

"तेवढंच काढा."

गवंडी थोडा पुढे सरकला आणि पुन्हा टकटक. "इथेही पोकळ आहे." अशा रीतीने वाजवत वाजवत तो दुपारपर्यंत बोळाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. त्याच्यामागे बराचसा गिलावा जमिनीवर होता.

तेव्हा आल्या ऊर्जा सल्लागार अक्सॉयबाई. तरुण, हसतमुख, आणि वाईट बातमी सांगताना आणखी हसतमुख.

"भिंतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहिला असतात ना ड्योरिंग साहेब, तर नुसता गिलावा लावून मोकळे झाला असतात. आता सबंध भिंतीला उष्णतारोधक थर द्यावाच लागेल. कायदाच आहे तसा."

"पूर्वी नव्हता."

"पूर्वी होताच. मध्ये बदलला, आता पुन्हा बदलणार म्हणतात. पण तुमची भिंत आत्ता सोललेली आहे."

एकेहार्ट थकला होता, पण काम चोख करायची सवय जात नव्हती. भिंतीतून किती उष्णता जाते, बाष्पाचं पाणी थरात नेमकं कुठे होईल, हे त्याने स्वतः कागदावर काढलं, अक्सॉयबाईंच्या आकड्यांशी ताडून पाहिलं आणि त्यांची एक चूकही काढून दिली. मोजायचा राहिला तो फक्त डबा.

"आता?" त्या सोमवारी स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या बायकोने, रोसविथाने विचारलं.

"आता घरातून."

डबा स्वयंपाकघरातून, बैठकीच्या खोलीतून, तिच्या आईने दिलेल्या गालिच्यावरून पुढच्या दाराकडे निघाला. आत बागेची भिजलेली पानं, बटाट्याची सालं आणि माशाचं डोकं होतं. डब्याच्या तळाला चीर होती, हे गालिच्यावर कळलं. दोन्ही दारं सताड उघडी राहिल्याने नोव्हेंबरचा वारा घरभर फिरला. आठवडाभर नव्या भिंतीने राखलेली ऊब बाहेर गेली आणि आत वास राहिला.

असं तीन सोमवार चाललं. पालिकेकडे लहान डब्यांसाठी रांग होती. डबा कायमचा पुढे ठेवावा, तर पुढे थेट फुटपाथ. तिथे कचरा उचलण्याच्या आदल्या संध्याकाळच्या आधी डबा दिसला की उम्बाख पालिकेला फोन करायचा. एकदा रविवारी, कायद्याने शांतता पाळायच्या दिवशी, यंत्राने कुंपणाची झुडपं कापली म्हणून त्याने एकेहार्टवर पोलीस बोलावले होते. तेव्हापासून दोघांमध्ये "मॉर्गेन", म्हणजे सुप्रभात, याशिवाय शब्द नव्हता. उम्बाखच्या गॅरेजपलीकडे मात्र ऐसपैस, फरसबंद वाट होती, आणि तिचं फाटक गॅरेजमागे पसरलेल्या ड्योरिंगांच्याच अंगणाला लागून होतं.

चौथ्या सोमवारच्या आदल्या दिवशी रोसविथाने माळ्यावरून सूटकेस उतरवली.

"एके, उद्या तो डबा या घरातून गेला, तर त्याच्यामागोमाग मीही जाईन. गिझेलाताईकडे, फुल्डाला. वसंत येईपर्यंत."

"थट्टा करतेस."

"लोकरीचे मोजे भरलेत."

एकेहार्टने सूटकेस उचलून पाहिली. जड होती. सोमवारी चारच्या सुमाराला तो हवेत वाळवलेल्या सॉसेजची एक लांबलचक जोडी घेऊन उम्बाखच्या दारात उभा राहिला.

"मॉर्गेन," एकेहार्ट सवयीने म्हणाला.

"दुपारचे चार वाजलेत," उम्बाख म्हणाला.

"एक विनंती होती. तुमच्या वाटेने आमचा डबा..."

"बोळात जात नाही. पाहिलं मी. महिनाभर पाहतोय." उम्बाखने सॉसेजचा वास घेतला. "मला वाटलं होतं पहिल्याच आठवड्यात याल."

"मलाही वाटलं होतं."

"गर्विष्ठ आहात."

"हो."

उम्बाखला वाद अपेक्षित होता. तो जरा हिरमुसला. "बरं. चाकं पुसून आणायची. फाटक लावायचं. आणि पहिल्या दिवशी मी बरोबर चालणार."

रोसविथा खिडकीतून बघत होती. एकेहार्टने पुसलेला डबा फाटकातून आत घेतला. मागून उम्बाख चालत होता, हात पाठीशी, जणू परीक्षकच. वाट खरोखर सुरेख होती. गॅरेज आणि उम्बाखचं घर यांच्यामधून डबा सरसर निघाला. फक्त पुढे घराच्या कोपऱ्यावर वळताना त्याची कड भिंतीला हलकेच घासली.

तळहाताएवढा गिलावा खाली पडला.

एकेहार्ट वाकून पाहत राहिला. उंची कमरेएवढी, म्हणजे बरोबर डब्याच्या कडेएवढी. आपल्या बोळातला पहिला पोपडा त्याच्या डोळ्यांपुढे आला. इतकी वर्षं दर सोमवारी तो आपल्या हाताने तीच भिंत घासत आला होता, आणि गवंडी येईपर्यंत त्याला पत्ता नव्हता. हे तो उम्बाखला सांगणार होता. पण उम्बाखने बोट वाकवून भिंतीजवळ नेलं होतं.

"बघतो जरा," उम्बाख म्हणाला, "आत पोकळ तर..."

एकेहार्टने त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी एकमेकांना पहिल्यांदाच हात लावला होता.

"वाजवू नका," तो हळूच म्हणाला. "अजिबात वाजवू नका."

उम्बाखने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बोळापलीकडच्या त्या जाड, गुबगुबीत भिंतीकडे. आयुष्यभर कोपऱ्याकोपऱ्यावरचे नियमभंग टिपणाऱ्या त्या माणसाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. कुणी नव्हतं. त्याने पायाने गिलाव्याचे तुकडे गोळा केले, डब्याचं झाकण उचललं आणि ओल्या कचऱ्यात टाकून दिले.

"गिलावा यात चालत नाही," एकेहार्ट सवयीने म्हणाला.

"माहीत आहे," उम्बाख म्हणाला. "ढकला लवकर."