डाव्या कोपऱ्यातले सत्तेचाळीस ठिपके

आमच्या गल्लीतला सर्वांत तीक्ष्ण नजरेचा गुप्तहेर म्हणजे मी. हे माझंच मत आहे, पण ते मी दोनदा तपासून घेतलं आहे. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवताना खोडरबर कोणी लांबवलं हे मी नुसत्या चेहऱ्यावरून सांगत असे. खोडरबर पुढे भलत्याच दप्तरात सापडे, तो भाग वेगळा.

परवा पुतणीवर संकट आलं. ती एका दवाखान्यासाठी ॲपची रचना करते. आधी त्याचा नमुना बनवतात. नीट समजून घ्या हं: नाटकातलं दार उघडतं, पण मागे घर नसतं, तसंच हे. बटण दाबलं की पुढचं पान येतं, डॉक्टर येत नाही. सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या पाच निवृत्त मित्रांनी टॅबवर तो नमुना चालवून पाहिला. कोणी कुठे बोट लावलं, हे सॉफ्टवेअर टिपून ठेवतं.

दुपारी पुतणीने लॅपटॉपवर ती नोंद उघडली आणि तिचा चेहराच उतरला. प्रत्येक पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात बोट लागल्याचे ठिपके. एकूण सत्तेचाळीस. तिथे बटणच नव्हतं.

"काका, लोक तिथे काहीतरी शोधतायत. चारला मीटिंग आहे. सगळी पानं मोडावी लागणार. तीन महिन्यांचं काम गेलं."

"घाबरू नकोस. मी आहे ना."

"तीही एक काळजी आहेच," ती म्हणाली.

मी तपास हाती घेतला. पहिला निष्कर्ष: पाचही जण डावखुरे. फोन करून विचारलं, एकही नव्हता. दुसरा: ऑफिसातल्या कोणीतरी जळून तिथे छुपं बटण पेरलं. पुतणीने ते शक्य नसल्याचं तीनदा समजावलं. तिसरा: मित्रांना डुलकी लागली आणि अंगठा तिथे टेकला. हे मी त्या पाचांतल्या पोस्टमास्तरांना विचारलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

साडेतीन वाजले. पुतणी पहिलं पान मोडायला बसली. तेवढ्यात आमची ही टेबल पुसायला आली आणि तिने टॅब उचलला.

"हा जॅम कोणी सांडला काचेवर? सकाळी पाचही जण बोलता बोलता हाच बोटाने खरवडत होते. मला वाटलं, तुमच्या ॲपमध्ये असंच करायचं असतं."

ओलं फडकं फिरलं. डाग गेला. डाव्या कोपऱ्यातला.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी टॅबची सुरक्षा-तपासणी मीच केली होती; हातात पाव होता, हे खरं.

मीटिंगहून पुतणी हसत आली. एकही पान हललं नव्हतं. अहवालात कारण काय लिहिलंस, असं मी सहज विचारलं.

"लिहिलं, की तपास-अधिकाऱ्याचा नाश्ता आटोपल्याशिवाय टॅब बाहेर काढू नये."

संध्याकाळी आरशापुढे उभं राहून मी गुन्हेगाराचा चेहरा बराच वेळ निरखला. अगदी निरपराध दिसत होता.